कोलोनचा कारभारी

१९१७ सालच्या उन्हाळ्यात कोलोन शहराच्या नगरसभेतले दोन सभासद ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट ब्लाझिएन या आरोग्यधामी गेले. तिथे त्यांच्या शहराचे पहिले उपमहापौर कोनराड आडेनाउअर विश्रांती घेत होते. मार्चमध्ये त्यांची सरकारी मोटार ट्रामवर आदळली होती. चालकाला डुलकी लागली असं सांगतात. आडेनाउअरांचा चेहरा पार चेचला गेला, महिनोन्‌महिने इस्पितळात काढावे लागले. पुढे जगाने पाहिलेला त्यांचा तो लाकडात कोरल्यासारखा, गालांची हाडं वर आलेला चेहरा या अपघातानंतरचा. पाहुणे वरवर समाचाराला आले होते, पण गप्पा लांबत गेल्या. शहराचा पैसा, धान्याचा प्रश्न, युद्धानंतरचं काय, असं एकेक निघत गेलं. आडेनाउअरांच्या लक्षात आलं की या दोघांना आपली तब्येत पाहायची नाही, डोकं शाबूत आहे का ते पाहायचंय. माझं डोकं बिघडलंय ते नुसतं बाहेरून, असं त्यांनी त्यांना सुनावल्याची आठवण सांगितली जाते. दोघे समाधानाने परतले. १८ सप्टेंबर १९१७ रोजी नगरसभेने आडेनाउअरांना महापौर निवडलं. वय ४१. प्रशियाच्या मोठ्या शहरांत इतका तरुण महापौर दुसरा नव्हता.

दोन सभासदांनी एवढी खातरजमा का करावी, हे कळायला त्या पदाची ताकद कळायला हवी. आपल्याकडच्या महापालिकांत महापौर सभा चालवतो, मानाचा धनी असतो आणि खरा कारभार आयुक्ताच्या हाती असतो. प्रशियाच्या ऱ्हाईन प्रांतात ही दोन्ही माणसं एकच होती. १८५६ च्या तिथल्या नगरकायद्याप्रमाणे महापौर नगरसभेचा अध्यक्ष आणि प्रशासनाचा प्रमुखही असे. उपमहापौर म्हणजे त्याच्या हाताखालचे पगारी अधिकारी. मुदत १२ वर्षांची. निवड नगरसभा करी, मंजुरी राजाची लागे. एकदा खुर्चीवर बसलेल्या माणसाला तपभर कुणी सहजासहजी हलवू शकत नसे. नगरसभा तरी कुणाची? १९१८ पर्यंत प्रशियात त्रिवर्ग मतदान होतं. भरलेल्या कराप्रमाणे मतदारांचे तीन वर्ग पाडलेले, आणि मूठभर धनिकांच्या पहिल्या वर्गाला हजारो कामगारांच्या तिसऱ्या वर्गाइतक्याच जागा. कोलोनची नगरसभा त्यामुळे कॅथलिकांचा सेंट्रम पक्ष आणि लिबरल मंडळी यांच्यातच वाटलेली असे. सोशल डेमोक्रॅट कामगारांचं शहरात मोठं बळ होतं, पण सभागृहात त्यांना जवळजवळ थारा नव्हता. जर्मनीतली शहरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी, गॅस, वीज, ट्राम, शाळा, इस्पितळं या बाबतींत युरोपात वाखाणली जात, ती अशा बळकट आणि फारशा लोकशाहीवादी नसलेल्या पदाच्या जोरावर. त्या कौतुकाच्या या दोन्ही बाजू एकत्रच पाहायला हव्यात.

आडेनाउअर कोलोनचेच. जन्म ५ जानेवारी १८७६. वडील न्यायालयात कारकून. घरची परिस्थिती बेताची, चार पैसे मिळावेत म्हणून भाडेकरू ठेवलेले. फ्रायबुर्ग, म्युनिक, बॉन इथे कायदा शिकून ते हेर्मान काउझेन या वकिलांच्या हाताखाली लागले. काउझेन हे नगरसभेतल्या सेंट्रम पक्षाचे पुढारी. १९०६ साली एका उपमहापौराची जागा रिकामी होणार आणि ती बाहेरच्या कुणा न्यायाधीशाला जाणार असं कानावर आलं, तेव्हा तिशीतले आडेनाउअर सरळ काउझेन यांच्याकडे गेले आणि म्हणाले की मला का घेत नाही, मीही त्याच्याइतकाच चांगला आहे. त्यांना घेतलं. मध्यंतरी त्यांचं लग्न एमा वायर हिच्याशी झालं होतं. तिचे मामा-काका कोलोनच्या जुन्या, बड्या घराण्यांतले. त्यांतलेच माक्स वालराफ १९०७ साली महापौर झाले, आणि १९०९ मध्ये आडेनाउअर त्यांचे पहिले उपमहापौर. सोयरीक उपयोगी पडली हे उघड आहे. ती खुर्ची टिकवायला मात्र कर्तबगारी लागत होती, आणि ती दिसली महायुद्धात.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा बहुतेकांना वाटलं, चार-सहा महिन्यांत आटोपेल. आडेनाउअरांकडे शहराच्या अन्नपुरवठ्याचं खातं होतं. त्यांनी लांबचा हिशोब धरला. आसपासच्या शेतकऱ्यांशी आणि दूधवाल्यांशी करार केले, धान्य साठवलं. ब्रिटिश आरमाराने समुद्र बंद केला आणि गव्हाची चणचण भासू लागली. तेव्हा कोलोनच्या ओएबल बंधू या बेकरीवाल्यांबरोबर बसून त्यांनी मका, बार्ली आणि तांदळाच्या पिठाचा पाव तयार केला. १९१५ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. कोलोनच्या पावाला चव बेताचीच होती. पण पोटाला आधार झाला, आणि रुमानियाहून मका येत होता तोवर तो भट्ट्यांतून निघत राहिला. १९१६ मध्ये रुमानिया शत्रुपक्षात गेला आणि मकाही आटला. त्या हिवाळ्यात जर्मनीभर लोकांनी गुरांना घालायचे सलगम खाऊन दिवस काढले. आडेनाउअरांनी सोयाबीनच्या पिठाचं सॉसेजही काढलं. जर्मनीत त्याला पेटंट मिळालं नाही, कारण सॉसेजमध्ये मांस किती असावं याचे नियम कडक. ब्रिटनने मात्र १९१८ मध्ये ते दिलं. बार्लीच्या कण्यांवरून (जर्मनमध्ये ‘ग्राउपन’) कोलोनकरांनी त्यांना ‘ग्राउपनाउअर’ असं टोपणनाव ठेवलं. भुकेल्या शहराने असं चिडवावं हे साहजिकच. पण महापौर निवडताना सगळ्यांना आठवला तो हाच माणूस. १९१७ मध्ये वालराफ बर्लिनला गृहखात्यात गेले आणि जागा रिकामी झाली.

अपघाताच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १९१६ मध्ये, एमा दीर्घ आजाराने वारली होती. मागे तीन मुलं. चाळिशीचा विधुर, चेहरा शिवून काढलेला, आणि समोर सुमारे सहा लाख वस्तीचं उपाशी शहर. आडेनाउअरांची महापौरकी अशी सुरू झाली.

वर्षभरात राज्यच कोसळलं. ७ नोव्हेंबर १९१८ ला कील बंदरातले बंडखोर खलाशी आगगाडीने कोलोनला पोचले आणि दुसऱ्या दिवशी कामगार आणि सैनिकांचं मंडळ स्थापन झालं. गाडी वाटेतच अडवा, अशी विनंती आडेनाउअरांनी करून पाहिली होती. ती फेटाळली गेल्यावर मात्र ते अडून बसले नाहीत. त्यांनी त्या मंडळाला टाउन हॉलमध्ये जागा दिली आणि सोशल डेमोक्रॅट विल्हेल्म झोलमान यांच्याशी जुळवून घेऊन काम सुरू ठेवलं. ऱ्हाईनच्या पुलांवरून लाखो सैनिक परत येत होते. त्यांच्या हाती दारू लागली तर शहर लुटलं जाईल म्हणून लष्करी गुदामांतले साठे नदीत ओतायला लावले. ६ डिसेंबरला ब्रिटिश फौजा शहरात शिरल्या तेव्हा कोलोनमध्ये मोठा रक्तपात झालेला नव्हता. क्रांतीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि राजासाठी जीव टाकण्याचाही त्यांचा स्वभाव नव्हता. शहर चालू राहिलं पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं. मला त्यांच्या या गुणाचं महत्त्व फार वाटतं. त्या दिवसांत जर्मनीत शौर्य मिरवणारे पुष्कळ होते, सकाळी दूध पोचेल की नाही याची काळजी करणारे थोडे.

ब्रिटिशांचा ताबा १९२६ च्या जानेवारीअखेरपर्यंत राहिला. म्हणजे आडेनाउअरांच्या महापौरकीतली निम्मी वर्षं परक्या सैन्याच्या नजरेखाली गेली. तरी कोलोन शहराचा आजचा नकाशा घडला तो याच वर्षांत.

कोलोन हा प्रशियाचा पश्चिमेकडचा मोठा किल्ला. शहराभोवती तटबंदीची दोन कडी होती. एक जुन्या वस्तीला लागून, दुसरं कित्येक किलोमीटर बाहेर, शेतांमधून गेलेलं, मधे मधे बुरूजवजा किल्ले. तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं मैदान राहावं म्हणून तटापुढच्या जमिनीवर बांधकामाला बंदी. त्यामुळे दाट वस्तीच्या शहराभोवती एक रिकामा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला होता. व्हर्सायच्या तहाने किल्ले पाडायची सक्ती झाली आणि बांधकामबंदीला अर्थ उरला नाही. आता या जमिनीचं काय करायचं?

जमीनमालकांचं उत्तर ठरलेलं होतं. इतकी वर्षं बंदीमुळे त्यांचं नुकसान झालं होतं, आता प्लॉट पाडून विकायचे आणि भरपाई करून घ्यायची. तसं झालं असतं तर भाड्याच्या चाळवजा इमारतींचं आणखी एक कडं शहराभोवती आवळलं गेलं असतं. आडेनाउअरांना ते नको होतं. आता चुकलो तर कोलोन हे दगडांचं वाळवंट होईल, असं त्यांचं म्हणणं. बाग, मैदान, तळं हे श्रीमंतांच्या बंगल्यांजवळ असतंच. खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबाला पायी जाता येईल अशा अंतरावर झाडं हवीत, हा त्यांचा आग्रह. कोलोनमध्येच वाढलेल्या कारकुनाच्या मुलाला ती दाटी कुणी समजावून सांगायला नको होती.

त्यांनी विशेष कायदा मंजूर करून घेतला. पट्ट्यातल्या जमिनींची फेरआखणी करायची, मालकांना बांधण्याजोगा काही भाग परत द्यायचा आणि मोठा वाटा सार्वजनिक बागांसाठी शहराकडे घ्यायचा, अशी ती योजना. दावे झाले, ओरड झाली. आडेनाउअर मागे हटले नाहीत. आखणीसाठी त्यांनी हाम्बुर्गचे नगररचनाकार फ्रिट्झ शूमाखर यांना गळ घातली. हाम्बुर्गने त्यांना तीन वर्षांची रजा दिली, आणि १९२० ते १९२३ या काळात शूमाखरांनी कोलोनचा आराखडा काढला. आतल्या कड्याच्या जागी शहरालगत एक हिरवा पट्टा, बाहेरच्या कड्याच्या जागी ऱ्हाईनपासून ऱ्हाईनपर्यंत अर्धवर्तुळ धरणारा दुसरा, आणि दोघांना जोडणाऱ्या हिरव्या वाटा. शहराचे उद्यानप्रमुख फ्रिट्झ एन्के यांनी काही किल्ले पूर्ण न पाडता बागेत गुंफले. ‘फोर्ट १०’ च्या माथ्यावर आजही गुलाबांची बाग आहे. तोफा काढून टाकल्या, भिंतींवर गुलाब चढवले.

खोदायला, भर घालायला, झाडं लावायला माणसं कुठून आणली? बेकारांतून. युद्धानंतर शहरात हाताला काम नसलेले हजारो लोक होते. त्यांना नुसता भत्ता देण्याऐवजी कामावर लावून मजुरी द्यायची, त्यात सरकारकडून अनुदान मिळवायचं, हे गणित आडेनाउअरांनी पक्कं बसवलं. म्युंगर्सडोर्फचं स्टेडियम १९२३ मध्ये उभं राहिलं तेही असंच. त्या साली जर्मन चलन कागदाच्या मोलाचं झालं होतं आणि शहर स्वतःच्या नोटा छापून दिवस ढकलत होतं, हे लक्षात घेतलं तर त्या स्टेडियमचं उद्घाटन अचाटच म्हणायला हवं. पुढे बाहेरच्या पट्ट्यात डेकश्टाइनचं लांबलचक तळं खोदलं गेलं. रविवारी तिथे आजही निम्मं शहर लोटतं.

बाकीची कामं भराभर सांगतो, कारण यादी मोठी आहे. फ्रेंचांनी १७९८ मध्ये बंद केलेलं कोलोनचं विद्यापीठ १९१९ मध्ये शहराच्या खर्चाने पुन्हा सुरू झालं. पराभवाला वर्षही झालं नव्हतं, आणि जवळचं बॉन विद्यापीठ नाखूश होतं. १९२४ मध्ये ऱ्हाईनपलीकडच्या डॉइट्झमध्ये व्यापारी प्रदर्शनाची दालनं उभी राहिली, राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट उद्घाटनाला आले. १९२८ मध्ये तिथेच ‘प्रेसा’ हे वृत्तपत्रांचं जागतिक प्रदर्शन भरलं. चाळीसहून अधिक देश आले, सोव्हिएत दालन एल लिसित्स्की या चित्रकाराने सजवलं, आणि सुमारे ५० लाख लोकांनी ते पाहिलं. नील भागात बंदर झालं. त्याच भागात २ ऑक्टोबर १९३० रोजी हेन्री फोर्ड यांनी स्वतः येऊन कारखान्याची कोनशिला बसवली, शेजारी आडेनाउअर. ६ ऑगस्ट १९३२ ला कोलोन ते बॉन हा सुमारे २० किलोमीटरचा, कुठेही चौक न लागणारा मोटाररस्ता सुरू झाला. तोही बेकारांच्या हातांनी, बराचसा कुदळ-फावड्याने झालेला. पुढे नाझींनी त्याचा दर्जा उतरवून त्याला साध्या रस्त्यांत टाकलं. पहिला आउटोबान हिटलरने बांधला, असं सांगायचं तर आधीचा रस्ता अडचणीचाच होता.

म्युलहाइमच्या पुलाची गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी, कारण त्यात हा माणूस काम कसं करून घेई ते दिसतं. म्युलहाइम हे पलीकडच्या काठावरचं गाव १९१४ मध्ये कोलोनमध्ये सामील झालं, त्या वेळी त्याला पुलाचं वचन दिलेलं होतं. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात आराखड्यांची स्पर्धा झाली. तज्ज्ञ परीक्षकांनी कमानीचा पूल निवडला. आडेनाउअरांना झुलता हवा होता. त्यांच्या मते नदीला आणि कॅथीड्रलच्या शहराला तोच शोभणार होता. शिवाय पोलादी दोर वळणारा मोठा कारखाना म्युलहाइममध्येच होता. त्यांनी पुन्हा अहवाल मागवले, सभा लांबवल्या, एकेका सभासदाला बाजूला घेतलं. कम्युनिस्टांची मतं कमी पडत होती. लेनिनग्राडमध्ये कसे देखणे झुलते पूल आहेत हे सांगून आडेनाउअरांनी ती वळवली, असा किस्सा कोलोनमध्ये चवीने सांगतात. ठराव झुलत्या पुलाच्या बाजूने झाला. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पूल खुला झाला तेव्हा ३१५ मीटरचा त्याचा मधला गाळा हा युरोपातल्या झुलत्या पुलांत सर्वांत लांब होता.

सभा रात्रीपर्यंत ताणायची आणि समोरचा थकून घरी गेला की ठराव मांडायचा, ही त्यांची नेहमीची रीत. १९१९ पासून नगरसभा सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांच्या मतांनी निवडली जाऊ लागली, पण महापौराचा बारा वर्षांचा पट्टा तसाच होता आणि वागणंही. हाताखालच्यांना बारीकसारीक सूचनांच्या चिठ्ठ्या जात. विरोधक त्यांना हुकूमशहा म्हणत. पूर्ण खोटं नव्हतं ते.

आणि हे सगळं कर्जावर चाललं होतं. अमेरिकन भांडवल स्वस्त मिळत होतं तोवर जर्मनीतल्या सगळ्याच शहरांनी हात सैल सोडला, कोलोनने जरा जास्तच. अल्प मुदतीची कर्जं काढून दीर्घ मुदतीची बांधकामं केलेली. १९२९ नंतर सावकारांनी पैसे मागायला सुरुवात केली आणि शहराची ओढाताण झाली. आडेनाउअरांचा स्वतःचा संसारही त्याच सुमारास गोत्यात आला. कृत्रिम रेशमाच्या कंपन्यांचे शेअर त्यांनी उधारीवर घेतले होते, ते कोसळले. त्यांतून सुटायला त्यांना बँकेतल्या आणि उद्योगातल्या ओळखींची मदत झाली. पगार भरघोस, घर लिंडेनथालमध्ये प्रशस्त. नाझी आणि कम्युनिस्ट दोघांच्या सभांना हा विषय आयताच मिळाला. डिसेंबर १९२९ मध्ये ते पुन्हा निवडून आले ते अगदी निसटत्या बहुमताने. बेकारांना काम देणारा माणूस बेकारांच्या तोंडची भाकरी खातो असं पोस्टरवर लिहिणं सोपं होतं. पण टीकेत तथ्यही होतं, आणि आडेनाउअरांनी हिशोब उघडपणे लोकांपुढे ठेवण्याची सवय कधी लावून घेतली नाही.

दुसरा आरोप अधिक जुना. १ फेब्रुवारी १९१९ रोजी त्यांनी ऱ्हाईनलँडच्या प्रतिनिधींची बैठक बोलावली आणि प्रशियापासून वेगळं, पण जर्मनीतच राहणारं पश्चिम जर्मन राज्य असावं असा विचार मांडला. फ्रान्सला ऱ्हाईनचा काठ गिळण्यापासून रोखायचं तर प्रशियाचं भय कमी करायला हवं, हा त्यामागचा तर्क. राष्ट्रवाद्यांनी त्यांना देशद्रोही ठरवलं आणि हा शिक्का त्यांच्यावर आयुष्यभर मारला जात राहिला. जर्मनीतून फुटून निघायची त्यांची तयारी होती असं मला वाटत नाही. मात्र चारी बाजूंशी बोलणी चालू ठेवायची आणि स्वतः कशावर सही करायची नाही, या त्यांच्या पद्धतीने संशयाला खतपाणी मिळालं.

त्यांना मोठी पदं खुणावत होती. १९२१ पासून ते प्रशियाच्या राज्य परिषदेचे अध्यक्ष होते. मे १९२६ मध्ये हान्स लुथर यांचं सरकार पडलं तेव्हा चॅन्सेलरपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं. लुथर स्वतः एसेनचे माजी महापौर. त्या काळी बर्लिनला माणूस हवा असला की नजर टाउन हॉलांकडे वळे, ती अशी. आडेनाउअर बर्लिनला गेले, पक्षांची गणितं पाहिली, टिकाऊ बहुमत होत नाही हे ओळखलं आणि कोलोनला परतले. वर्षभरात पडणाऱ्या मंत्रिमंडळासाठी बारा वर्षांची खुर्ची सोडायची नाही, हा व्यवहार त्यांना पटला. राजेशाहीनंतर आलेल्या वायमार प्रजासत्ताकाचं दुखणं यात दिसतं. शहर चालवायला अधिकार आणि मुदत दोन्ही होतं, देश चालवायला दोन्ही नव्हतं.

हिटलर ३० जानेवारी १९३३ ला चॅन्सेलर झाला. आठवड्याभरात, ६ फेब्रुवारीला, प्रशियाचं विधिमंडळ बरखास्त करण्यासाठी तिघांची बैठक झाली. राज्य परिषदेचे अध्यक्ष या नात्याने आडेनाउअर त्यांतले एक. त्यांनी संमती नाकारली आणि बैठक सोडून गेले. उरलेल्या दोघांनी ते गेल्यावर बरखास्ती ठरवून टाकली. १७ फेब्रुवारीला हिटलर प्रचारासाठी कोलोनच्या विमानतळावर उतरला. महापौर स्वागताला गेले नाहीत, हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवलं, कारण पाहुणा पक्षाच्या कामाला आला होता. हिटलरच्या सभेसाठी नाझींनी डॉइट्झच्या पुलावर स्वस्तिकाचे झेंडे लावले. पूल शहराचा, पक्षाचे झेंडे तिथे चालणार नाहीत, असं म्हणून आडेनाउअरांनी ते उतरवायला लावले. सभा होती त्या प्रदर्शनाच्या दालनांसमोर लावायला हरकत घेतली नाही. नियमाचा माणूस नियमाने वागला. नाझींना तो अपमान वाटला.

१२ मार्चला नगरसभेच्या निवडणुका झाल्या. आडेनाउअरांच्या घरावर एस.ए. या नाझी निमलष्करी दलाचे पहारेकरी बसले होते. १३ मार्चला पहाटे आडेनाउअर गाडीने बर्लिनला निघून गेले, गृहखात्याकडे दाद मागायला. त्याच दिवशी नाझी पुढारी योझेफ ग्रोहे याने टाउन हॉलच्या गॅलरीतून त्यांना पदच्युत केल्याचं जाहीर केलं आणि ग्युंटर रीझेन याला खुर्चीवर बसवलं. बँकेतलं खातं गोठवलं, भ्रष्टाचाराची चौकशी लावली. ज्यांची कामं त्यांनी केली होती ते रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागले. डॅनी हाइनेमान हे ब्रुसेल्सला राहणारे अमेरिकन ज्यू उद्योजक आपण होऊन १० हजार मार्क घेऊन आले. मारिया लाख मठाचे महंत इल्डेफोन्स हेर्वेगेन शाळासोबती निघाले, त्यांनी सुमारे वर्षभर आसरा दिला. जुलैत बडतर्फीवर कायद्याचं शिक्कामोर्तब झालं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट १९३४ मध्ये निवृत्तिवेतनासाठी आडेनाउअरांनी गृहमंत्र्यांना लांबलचक पत्र लिहिलं. आपण नाझी पक्षाशी नेहमी नीट वागलो, सरकारचा बंदीहुकूम असतानाही शहराची मैदानं त्यांना वापरू दिली, असं त्यात आहे. वाचताना वाईट वाटतं. दोन लग्नांतल्या सात मुलांचा बाप, उत्पन्न बंद, जून अखेरीस दोन दिवस कोठडीत काढलेले. हे सगळं ध्यानात घेऊनही ते पत्र त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. १९३७ मध्ये शहराने तडजोड करून पैसे दिले. त्यांतून ऱ्होएनडोर्फ या गावी घर झालं, आणि ते बागकामात रमले. लाइपझिगचे माजी महापौर कार्ल ग्योर्डेलर हिटलरविरोधी कटात ओढू पाहत होते. आडेनाउअर लांब राहिले. ग्योर्डेलर फाशी गेले.

लांब राहूनही सुटका झाली नाही. २० जुलै १९४४ च्या कटानंतर देशभर धरपकड झाली, तीत ऑगस्टमध्ये गेस्टापोने ६८ वर्षांच्या आडेनाउअरांना उचललं आणि डॉइट्झच्या प्रदर्शनाच्या दालनांत कोंडलं. त्यांनी स्वतः बांधवलेली दालनं ती. तिथूनच १९४० पासून सिंती-रोमा आणि मग कोलोनच्या ज्यूंना पूर्वेकडे पाठवलं गेलं होतं. आजारपणाच्या निमित्ताने ते इस्पितळात गेले आणि तिथून निसटले. तेव्हा त्यांच्या दुसऱ्या पत्नी गुसी यांना ब्राउवायलरच्या तुरुंगात नेलं, मुलींना उचलण्याची धमकी दिली. तेव्हा गुसींनी पतीचा पत्ता सांगितला. त्या अपराधी भावनेने त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचल्या, पण प्रकृती कायमची ढासळली, १९४८ मध्ये गेल्या.

मार्च १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य कोलोनमध्ये शिरलं तेव्हा युद्धापूर्वी साडेसात लाखांवर वस्ती असलेल्या शहराच्या डाव्या काठावर जेमतेम ४० हजार माणसं उरली होती. ऱ्हाईनवरचा एकही पूल उभा नव्हता. म्युलहाइमचा झुलता पूल ऑक्टोबर १९४४ मध्येच पाण्यात गेला होता. अमेरिकनांनी आडेनाउअरांना ऱ्होएनडोर्फहून आणवलं. मुलगे अजून सैन्यात, त्यांचा सूड घेतला जाईल म्हणून पद घ्यायला ते सुरुवातीला तयार नव्हते, सल्ला देत राहिले. ४ मे रोजी पुन्हा महापौर झाले. वय ६९. त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे बुखनवाल्ड, डाखाउ, तेरेझिएनश्टाट या छळछावण्यांतून वाचलेल्या कोलोनकरांना आणायला शहराच्या बस पाठवणं.

जूनमध्ये अमेरिकन गेले, ब्रिटिश आले. हिवाळा तोंडावर, कोळशाच्या खाणी ब्रिटिशांच्या ताब्यात. लोकांना सरपण हवं म्हणून ब्रिटिशांनी हरित पट्ट्यातली झाडं तोडायचा हुकूम दिला. आडेनाउअरांनी नकार दिला. या झाडांनी फार थोड्या चुली पेटतील आणि नुकसान पिढ्यांचं होईल, त्यापेक्षा जप्त केलेला कोळसा सोडा, असं त्यांनी कळवलं. शिवाय परदेशी वार्ताहरांपुढे ब्रिटिश धोरणावर बोलले. ६ ऑक्टोबरला ब्रिगेडियर बॅराक्लाउ यांनी त्यांना बोलावून घेतलं. खोलीत अधिकारी बसलेले. आडेनाउअर खुर्ची घेऊ लागले तर उभं राहायला सांगण्यात आलं. पत्र वाचून दाखवलं गेलं. ढिगारे हटवण्यात आणि हिवाळ्याच्या तयारीत कामचुकारपणा, म्हणून पदावरून दूर. कोलोन सोडायचं, राजकारणात भाग घ्यायचा नाही. पत्रावर सही करायला लावली. काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर ते नाही म्हणाले आणि निघाले. गुसी तेव्हा कोलोनच्या इस्पितळात होत्या, त्यांना भेटायलासुद्धा परवानगी घ्यावी लागली.

राजकारणाची बंदी काही आठवड्यांत उठली. पण आता टाउन हॉल उरला नव्हता, तेव्हा त्यांनी नव्या ख्रिस्ती लोकशाही पक्षात स्वतःला झोकून दिलं. १५ सप्टेंबर १९४९ ला पश्चिम जर्मनीच्या संसदेने त्यांना एका मताच्या बहुमताने चॅन्सेलर निवडलं. १९६३ पर्यंत, चौदा वर्षं, ते त्या पदावर राहिले. चिठ्ठ्या पाठवून काम करून घेणं, सभा लांबवणं, चारी बाजूंशी बोलत राहणं, हे सगळं बॉनच्या लोकांना नवं वाटलं. कोलोनकरांना ते १९१७ पासून ठाऊक होतं.

त्यांनी सोडलेलं पद मात्र त्या रूपात राहिलं नाही. १९४६ मध्ये ब्रिटिशांनी आपल्या ताब्यातल्या जर्मन शहरांसाठी स्वतःच्या धर्तीचा नगरकायदा आणला. महापौर मानद, निवडून आलेला, सभा चालवणारा. कारभार वेगळ्या पगारी नगरसंचालकाकडे. एका माणसाच्या हाती इतकी सत्ता एकवटू नये हा त्यांचा हेतू, आणि १९३३ नंतर तो चुकीचा म्हणता येत नाही. कोलोनमध्ये दोन्ही अधिकार पुन्हा एका हाती यायला १९९९ साल उजाडलं. या वेळी महापौर निवडला तो थेट मतदारांनी.